पौषातली लीग : नाशिकच्या एका बास्केटबॉल प्रयोगाचा पूर्ण हिशोब

सुरुवातीलाच सांगून टाकतो, यात कुणाचंच नाव नाहीये आणि विचारूही नका. चार जण होते. एक जुना राज्य पातळीचा खेळाडू, आता पोरांना शिकवतो, सगळे त्याला सर म्हणतात. एक अंबडला पॅकेजिंगचा कारखाना असलेले, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. एक इव्हेंटवाला, म्हणजे लग्नाचे स्टेज, साउंड, एलईडी. चौथा मी, हिशोब बघायला. मी कॉलेजात बास्केटबॉल खेळलोय पण खरं सांगायचं तर कोर्टपेक्षा बेंचचा अनुभव जास्त. आकडे थोडे गोल केलेत, प्रमाण खरं आहे.

पार्श्वभूमी

डोक्यात किडा शेठच्या शिरला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, दोन मॅच झाल्या, सॅक्रामेंटो आणि इंडियाना, भारतातल्या पहिल्याच. शेठ पोराला घेऊन गेले होते आणि तिथली गर्दी, म्युझिक, तिकिटाचे भाव हे सगळं बघून आले ते हेच बोलत आले की भारतात बास्केटबॉलची धड लीगच नाही, म्हणजे जागा मोकळी आहे. मग कोविड आला, विषय मागे पडला, आणि २०२३ च्या पावसाळ्यात मिसळ खाता खाता परत निघाला.

आता जागा मोकळी आहे हे अर्धंच खरं होतं. २०१५ ला यूबीए नावाची लीग आलेली, आठ टीम, त्यात पुणे पेशवाज पण होती, २०१७ नंतर बंद. २०१८ ला थ्रीबीएल, ती थ्री-बाय-थ्रीवाली, म्हणजे तीन विरुद्ध तीन. २०२२ ला आयएनबीएल. म्हणजे प्लॉट रिकामा दिसत असला तरी त्यावर आधी कुणीतरी पाया खणून गेलं होतं, आणि आधीच्यांचं काम का थांबलं हे प्लॉट घेण्याआधी विचारायला हवं ना, ते आम्ही जरा उशिराच विचारलं.

सरांचं वेगळंच. त्यांचा जीव एबीएवर. अमेरिकेत १९६७ ला एनबीएला टक्कर द्यायला निघालेली लीग, लाल-पांढरा-निळा बॉल, तीन पॉइंटची लाइन लोकांच्या डोक्यात बसवली ती यांनीच, १९७६ ला डंकची, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायची, पहिली स्पर्धा पण यांचीच, आणि त्याच वर्षी लीग संपली, चार टीम एनबीएने घेतल्या, नेट्स, नगेट्स, पेसर्स, स्पर्स. सर हे सांगताना मिसळीचा रस्सा गार व्हायचा. शेठना मात्र त्यातली एकच गोष्ट आवडली. सेंट लुईसच्या टीमच्या मालक भावांना एनबीएत घेतलं नाही, त्याबदल्यात त्यांनी त्या चार टीमच्या टीव्हीच्या पैशातला प्रत्येकी सातवा हिस्सा कायमचा लिहून घेतला, तेव्हा त्या टीव्हीला फारशी किंमत नव्हती, आणि २०१४ ला एनबीएने सुमारे ५० कोटी डॉलर मोजले तेव्हा कुठं तो विषय बऱ्यापैकी मिटला. शेठ म्हणाले, "म्हणजे खेळला कोण, कमावलं कोण." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अडचण नेमकी काय होती

आम्हाला वाटत होतं आपली स्पर्धा क्रिकेटशी आहे. क्रिकेटशी नव्हतीच. ती होती नोकरीशी.

सरांनी वहीत वीस पोरांची यादी केली, नाशिक, जळगाव, धुळे, संभाजीनगर, पुणे मिळून. एकेकाला फोन लावायला बसले. वीसातले अकरा नोकरीत. रेल्वे, पोलीस, इन्कम टॅक्स, बँक. आपल्याकडे बास्केटबॉलमधला खरा प्रोफेशनल म्हणजे हाच, खेळामुळे नोकरी लागलेला, सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिस, वर्षातून काही महिने डिपार्टमेंटच्या टीमसाठी. त्याला बाहेर खेळायचं तर ऑफिसची एनओसी लागते. त्यातला एक जण सरांना फोनवर म्हणाला, "सर, खेळायची इच्छा लय आहे, पण साहेबाला काय सांगू, दिवसाच्या दोन हजारासाठी चाललोय?" सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे पण नव्हतं.

उरलेले नऊ लहान, कॉलेजातले. त्यांचा प्रश्न अजून भारी. "सर, सर्टिफिकेट पडताळणीला चालेल का?" महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, तिथं चालतं ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं. आमच्या लीगचं प्रमाणपत्र म्हणजे फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा कागद. त्यातल्या एका पोराच्या आईने एकदा सरांकडून फोन मागून घेऊन मला विचारलं, "भाऊ, ह्याच्यातून पुढं काय?" गुंतवणूकदारानेही इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

वरून फेडरेशनची, म्हणजे खेळाच्या अधिकृत संघटनेची, भानगड. मान्यता नसलेल्या लीगमध्ये खेळलं तर खेळाडूवर बालंट येऊ शकतं. क्रिकेटमध्ये २००७ ला आयसीएल ही बोर्डाबाहेरची लीग निघाली तेव्हा बोर्डाने खेळणाऱ्यांवर बंदी घातली, २००८ ला स्वतःची आयपीएल काढली, आणि आयसीएलचा विषय २००९ पर्यंत आटोपला. व्हॉलीबॉलमध्ये २०१९ ला प्रो लीग झाली, फेडरेशन आणि आयोजकांचं बिनसलं, दुसरा सीझन झालाच नाही, मग २०२२ ला तीच आयोजक मंडळी प्राइम व्हॉलीबॉल म्हणून परत आली, टीमच्या मालकांनाच लीगमध्ये हिस्सा देऊन. पर्यायी लीग म्हणजे नुसता पर्याय नसतो, कुणाच्या तरी अंगणात मांडलेलं दुकान असतं.

पर्याय

इव्हेंटवाल्याचा आग्रह होता पूर्ण फाइव्ह-बाय-फाइव्हचा. उत्तर महाराष्ट्रातली सहा शहरं, सहा टीम, पंचवीस दिवस, एक इनडोअर हॉल. त्याचं एकच पालुपद, कबड्डीचं बघा. मी कबड्डीचं बघितलं. २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हा पाठीशी स्टार होतं, चॅनलवाला पुढे भागीदारच झाला, आणि कबड्डी गावागावात लोकांनी स्वतः खेळलेली, नियम समजवावे लागत नाहीत. आमच्याकडे चॅनल म्हणजे यूट्यूब. कागदावर मांडलं तर टीममागे १२ खेळाडू, कोच, मॅनेजर, अशी ८४ माणसं. दोघांत एक खोली, १८०० रुपये, पंचवीस दिवस, झाले जवळपास १९ लाख. जेवण दिवसाला ५०० धरलं तर साडेदहा लाख. खेळाडूंना प्रत्येकी ५० हजार म्हणजे ३६ लाख. अजून बॉल उडाला नाही आणि ६५ लाख गेले. रोज पाचशे माणूस शंभराचं तिकीट काढून आला तरी साडेबारा लाख. शेठनी कागद उलटा ठेवला.

दुसरा पर्याय थ्री-बाय-थ्री. टीममध्ये चारच पोरं, अर्धं कोर्ट, १५ बाय ११ मीटर, दहा मिनिटांची मॅच किंवा आधी २१ पॉइंट, बारा सेकंदाचा शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा. टोकियो ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये पण आहे. अमेरिकेत २०१७ पासून बिग-थ्री चालते ती अशाच तीन-तीनच्या खेळावर, त्यांचे नियम वेगळे, मॅच ५० पॉइंटची, पण सुरुवातीची त्यांची कामाची कल्पना ही होती की सगळ्या टीम एकाच गावात एकाच वीकेंडला, म्हणजे होम ग्राउंडची भानगडच नाही. आमच्या ऐपतीतलं हेच.

तिसरा पर्याय माझा होता, की लीगबिग काही नको, अंबड-सातपूरच्या कंपन्यांची आपसातली स्पर्धा आणि शाळेच्या पोरांची बॅच एवढंच करू. सर वैतागले. "म्हणजे मी पुन्हा पोरंच शिकवायची?" म्हणाले. चर्चा तिथंच थांबली. तो पर्याय आकड्यांवर पडला नाही, सरांच्या चेहऱ्याकडे बघून आम्हीच पाडला.

ठरलं, थ्री-बाय-थ्री, आठ टीम, चार वीकेंड, एक जागा.

काय केलं

जागा हा खरा जोक आहे. मैदानं मिळत होती पण लाइट, बाथरूम, पार्किंग सगळं जमेल असं काही हाती येईना. इव्हेंटवाला म्हणाला, गंगापूर रोडला लग्नाची लॉन्स आहेत ना, पौषात रिकामीच असतात, लग्नच नाही तर लॉन्सवाला करणार काय. एकदम बरोबर. सीझनमध्ये साठ हजार घेणारा माणूस दिवसाला पंधरा हजारात तयार झाला. २०२४ चा पौष १२ जानेवारी ते ९ फेब्रुवारी, बरोबर चार वीकेंड. प्लॅस्टिकच्या इंटरलॉकिंग टाइल्स भाड्याने आणून लॉन्सच्या सिमेंटच्या भागावर कोर्ट टाकायचं. पंचांगावर फिक्स्चर लावणारी आमचीच पहिली लीग असावी.

पहिली चूक डिसेंबरमध्ये. संघटनेच्या लोकांशी बोलायच्या आधीच इव्हेंटवाल्याने इन्स्टावर पोस्टर टाकलं, मोठ्या अक्षरात प्रो लीग. मग आम्ही भेटायला गेलो तर साहजिकच पहिला प्रश्न, "आता जाहीर केलंच आहे तर आमच्याकडे कशाला आलात?" चूक आमचीच होती. दोन आठवडे मनधरणीत गेले. शेवटी ठरलं की पोस्टरवरून प्रो शब्द काढायचा, पंच आणि टेबलवरचे अधिकारी त्यांच्या यादीतले घ्यायचे. त्यांचा आक्षेप गेला, पण प्रमाणपत्राचा प्रश्न होता तिथंच राहिला.

दुसरा निर्णय तारखेचा, आणि हा खरा कळीचा. १२ ते १६ जानेवारीला नाशिकमध्ये राष्ट्रीय युवा महोत्सव होता, उद्घाटनाला पंतप्रधान तपोवनात. सगळा बंदोबस्त तिकडे, हॉटेलं फुल, आणि आमच्या इव्हेंटवाल्याचं स्वतःचं साउंड पण तिकडेच भाड्याने गेलेलं. पर्याय दोन, १३ तारखेला कसंबसं सुरू करा नाहीतर आठवडा पुढे ढकला. आम्ही ढकललं. त्या वेळी शहाणपणाचं वाटलं, पण त्याने चौथा वीकेंड पौषाच्या बाहेर माघात गेला, १० आणि ११ फेब्रुवारी, आणि लॉन्सवाला म्हणाला आता साठ हजार, शिवाय १० ला संध्याकाळी लग्न आहे. मग फायनल शुक्रवारी ९ ला घेऊ म्हटलं तर ती निघाली अमावस्या. बिल्डर स्पॉन्सर म्हणाला अमावस्येला माझा बोर्ड लावू नका. शेवटी सेमी आणि फायनल १० ला सकाळी, दुपारी एकपर्यंत जागा खाली करायची, २५ हजार. म्हणजे आठ दिवसांचे सात दिवस झाले.

टीमच्या मालकीचे एक लाख, असे आठ जण गोळा केले, दोन डॉक्टर, एक द्राक्ष बागायतदार, एक क्लासवाला, बाकी व्यापारी. खेळाडूला दिवसाला दोन हजार, बक्षीस एकूण दोन लाख. अकरा नोकरदारांपैकी एनओसी वेळेत मिळाली तिघांना. दोघांचं उत्तर लीग संपल्यावर आलं, परवानगी दिली आहे असं.

आणि मग दव. २० जानेवारी, शनिवार, पहिली संध्याकाळ. ढोल लावलेला, नाशिक ढोल म्हणजे काय ते सांगायला नको, दीडशे-पावणेदोनशे लोक, मस्त वातावरण. पावणेआठच्या सुमारास एक पोरगा ड्राइव्ह मारताना घसरला, लोक हसले. मग दुसरा घसरला. मी जाऊन टाइलवर हात फिरवला तर तळहात ओला. जानेवारीतलं नाशिक, उघडं लॉन्स, प्लॅस्टिकची टाइल, दुसरं काय होणार होतं, पण आम्ही चौघांपैकी एकानेही संध्याकाळी आठ वाजता तिथं उभं राहून बघितलं नव्हतं, जागा बघायला गेलो ती दुपारी बाराला. लॉन्सच्या स्टोअरमधून लग्नातले पांढरे टेबलक्लॉथ काढले आणि वेटरची दोन पोरं दर ब्रेकला कोर्ट पुसायला लागली. चौथ्या मॅचला बाहेरगावच्या एका पोराचा घोटा मुरगळला. ॲम्ब्युलन्स होती, विमा होता, पण विमा ॲडमिट झालं तरच, एक्सरे-प्लास्टरचे १४ हजार शेठनी खिशातून दिले आणि कुणाला सांगितलं पण नाही, मला हिशोबात सापडले नाहीत म्हणून कळलं.

त्या रात्री साडेदहाला कोर्टवरच बसून निर्णय घ्यावा लागला. मंडप टाकायचा तर लाखाच्या वर. थांबवायचं तर सगळंच पाण्यात. तिसरं म्हणजे मॅच दुपारी तीन ते साडेसहा. तेच केलं. त्याने पोरं वाचली पण गर्दी मेली, दुपारी तीनला शनिवारी कोण येतंय, आणि एलईडीवर पैसे दिलेला स्पॉन्सर म्हणाला उन्हात माझी स्क्रीन दिसतच नाही. ठरलेल्या तीन लाखांपैकी त्याने दोनच दिले. भांडण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

आणि हो, मधले दिवस. कोर्ट टाकलेलं, सोमवार ते शुक्रवार नुसतं पडून. लॉन्सवाल्याला दिवसाचे दोन हजार जास्त देऊन मी म्हटलं सकाळी पोरांची बॅच लावू, चार वाजता कंपन्यांच्या मॅच. सरांनी नाखुशीने हो म्हटलं. पोरं साठ आली, प्रत्येकी दीड हजार. कंपन्यांच्या टीम बारा, आठ-आठ हजार, एचआरवाले स्वतःहून फोन करायचे.

फायनलचं एक दृश्य सांगतो. सकाळी साडेअकरा, स्कोअर १७-१७, ऊन छान, आणि बोर्डच्या मागेच डेकोरेशनवाली माणसं संध्याकाळच्या लग्नाच्या कमानीला झेंडू बांधतायत. एकाने शिडीवरून बघता बघता माळच सोडून दिली, बॉल त्या फुलांत गेला, पंचाने मॅच थांबवली. मग पोलिसातला आमचा एक एनओसीवाला, त्याने लाइनच्या बाहेरून मारला, दोन पॉइंट. जिंकले २१-१८. शिडीवरचा माणूस सगळ्यात जोरात ओरडला.

निकाल

खर्च एकूण १४ लाख २२ हजार. त्यात सगळ्यात मोठं खेळाडूंचं मानधन, ४ लाख ४८ हजार, मग बक्षीस, मग टाइल्स, जागा, स्ट्रीमिंग. शेठचे १४ हजार त्यांनी लिहू दिले नाहीत. जमा १२ लाख ८३ हजार. टीममालकांचे साडेसात, कारण एकाने अर्धेच दिले, स्पॉन्सरचे दोन, स्टॉलचे ४२ हजार, बाकी खालच्या दोन ओळींतलं. तोटा १ लाख ३९ हजार, चौघांत वाटला.

पण दोन ओळी शेजारी ठेवा. तिकीट, सात दिवसांचं, ढोल-लाइट-ॲनाउन्सर सगळं लावून, १ लाख ५ हजार. मधल्या पंधरा दिवसांची बॅच आणि कंपन्यांच्या मॅच, ना ढोल ना काही, १ लाख ८६ हजार, त्याचा खर्च म्हणजे जागेचे ३० हजार. शेठनी हा कागद मात्र उलटा ठेवला नाही. "खेळला कोण, कमावलं कोण," परत तेच म्हणाले, फक्त या वेळी हसत नव्हते.

२०२५ ला लीग झाली नाही. त्याऐवजी शेठ आणि मी मिळून एक जागा भाड्याने घेतली, वर पत्र्याची शेड, दोन अर्धी कोर्ट. सकाळ-संध्याकाळ बॅच, रात्री कंपन्या. इव्हेंटवाला बाहेर पडला, भांडून नाही, त्याला यात स्टेजच नाही ना. सर पगारावर आहेत आणि अधूनमधून माझ्याशी बोलत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख ढकलायला नको होती, तीनच वीकेंड घेऊन पौषातच संपवायला हवं होतं. एक वीकेंड कमी झाला असता, पण फायनल झेंडूच्या कमानीखाली खेळवावी लागली नसती.

एनओसीचे अर्ज पोस्टरच्या आधी. यात दुमत नाही. खेळाडूच्या ऑफिसला कागद फिरवायला वेळ लागतो आणि तो वेळ आपल्या उत्साहाने कमी होत नाही.

टीममालकांबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. लाख रुपये देऊन त्यांना मिळालं काय, जर्सीवर नाव आणि खुर्ची पहिल्या रांगेत. एकाने अर्धे पैसे दिले नाहीत तेव्हा मला राग आला होता, आता तेवढा येत नाही. व्हॉलीबॉलवाल्यांसारखा त्यांना हिस्सा द्यायला हवा होता, निदान कोर्टच्या धंद्यात. २०२५ ला अमेरिकेत बायकांची अनरायव्हल्ड सुरू झाली, तीन-तीनचीच, पहिल्या सीझनला सगळ्या मॅच मायामीजवळ एकाच ठिकाणी, आणि खेळाडूंनाच लीगमध्ये वाटा. ते वाचून सरांनी मला लिंक पाठवली, खाली एक शब्द पण न लिहिता. मला कळलं काय म्हणायचंय. पोलिसातल्या त्या पोराला दोन हजाराऐवजी कशाचा तरी वाटा दिला असता तर साहेबाला सांगायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

माझा तिसरा पर्याय बरोबर होता असं आता सगळे म्हणतात. मला तसं पूर्ण वाटत नाही. नुसती बॅच काढली असती तर साठ पोरं आली नसती, ती आली कारण शनिवारी त्यांनी मोठ्या पोरांना खेळताना बघितलं होतं. लीग तोट्यात गेली, पण बॅचची जाहिरात तिनेच केली. हा खर्च हिशोबात कुठल्या खात्यात टाकायचा हे मला अजून जमलेलं नाही.

सध्याची अडचण वेगळीच. जागेचा करार अकरा महिन्यांचा, आणि मालकाला २०२७ च्या सिंहस्थात तिथं पार्किंग काढायचंय, त्यामुळे तो पुढचं काही लिहून देत नाही. शेडखाली दव पडत नाही म्हणून सरांनी पुन्हा पौषाचा विषय काढलाय, सहा टीम, तीन वीकेंड, खेळाडूंना बॅचच्या फीमधला हिस्सा. एनओसीचे आठ अर्ज त्यांनी मला न विचारता गणपतीतच टाकले. दोघांची उत्तरं आलीत.